बारावरून बारा: दिवाळ्याच्या शेडमधल्या बॅटऱ्यांच्या नोंदी

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार

हाफ डे होता. कोपरखैरण्याला ठाणे-पनवेल लोकल धरली, बेलापूरला उतरलो आणि रिक्षाने दिवाळे कोळीवाडा गाठला. मामांचे तीन मिस्ड कॉल येऊन पडले होते. हे बायकोचे सख्खे मामा, आणि उगाच फोन करणाऱ्यांतले नाहीत.

जेट्टीच्या वरच्या अंगाला पाच होडीवाल्यांची सामायिक पत्र्याची शेड आहे. आत जाळी, इंधनाचे कॅन, थर्माकोलचे खोके. कोपऱ्यात १५० अँपियर-तासांच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या पॅरलल जोडलेल्या, छपरावर १६५ वॉटची दोन सोलर पॅनेल, मध्ये पॅनेलची वीज बॅटरीत हिशोबाने सोडणारा २० अँपियरचा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर. सगळं बारा व्होल्टवर. शेडला मीटर नाही, त्यामुळे इथे वीज म्हणजे हीच.

होड्या फायबरच्या. मागे दोरी ओढून चालू करायचं आउटबोर्ड इंजिन, त्याला डायनॅमो नाही. होडीवरची ८० अँपियर-तासांची बॅटरी रात्री दोन एलईडी, पाणी उपसायची छोटी मोटर आणि दोन-तीन मोबाइल एवढ्यावर खर्च होते. भरायला पूर्वी रिक्षात घालून गावातल्या दुकानात नेत. यंदा मामांनी युक्ती काढली: संध्याकाळी होडीची बॅटरी शेडमध्ये आणायची, जाड वायरीचे चिमटे लावायचे, लालला लाल, काळ्याला काळा, आणि झोपायचं.

"रातभर जोडून ठेवतो. शेडची बॅटरी फुल, कंट्रोलरवर हिरवा दिवा. होडीवर नेली की मध्यरातीला मोटर घरघरते न् बंद. दोन्ही बाराच्याच ना? मंग वीज जाते कुठं?"

प्रश्न साधा नाही. मापल्याशिवाय बोलणार नाही म्हटलं. उद्या मीटर घेऊन येतो.

२९ सप्टेंबर, रविवार

आणलेलं सामान: डीसी मापणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती जबडा लावून करंट मापतो), मल्टिमीटर, बॅटरीतल्या आम्लाची घनता मापणारा हायड्रोमीटर, वही. क्लॅम्प मीटर घेताना डीसी आहे का ते बघूनच घ्यावा. बाजारातले स्वस्त मीटर बहुतेक फक्त एसी मापतात आणि बॅटरीच्या वायरीवर शून्य दाखवत बसतात. मी एकदा फसलोय.

सूर्य मावळल्यावर दोन तास थांबलो. चार्जिंग सुटल्यासुटल्या बॅटरी फुगवून आकडा सांगते, तो धरायचा नसतो.

शेडची बँक, म्हणजे त्या जोडलेल्या दोन बॅटऱ्या: १२.५६ व्होल्ट. घनता १.२४५, म्हणजे भरलेली. आपल्याकडच्या ट्युब्युलरमध्ये आम्ल जरा पातळच ठेवतात, भरल्यावर १.२४० च्या आसपास. इंटरनेटवर "फुल म्हणजे १२.७" वाचून लोक नव्या बॅटरीला नावं ठेवतात, ते यामुळे.

मामांच्या शेजाऱ्याच्या होडीची बॅटरी: ११.९२ व्होल्ट, घनता १.१४०. तीस टक्क्यांच्या आसपास.

फरक पाऊण व्होल्टही नाही. संध्याकाळी आठला चिमटे लावले. ठिणगी उडाली. लागल्याक्षणी २१ अँपियर. मामा खूष. पाच मिनिटांत ११. अर्ध्या तासात ५. दहा वाजता २.१. तिथून पुढे मी मामींच्या हातची कोळंबी खाऊन तिथेच आडवा झालो. पहाटे सहाला ०.७.

रात्रभरात गेलं ते साधारण १८ अँपियर-तास. होडीची बॅटरी तीसवरून पन्नासाच्या थोडी वर आली, घनता १.१७५. बँक ३०० अँपियर-तासांची, तिचे अठरा गेले तर तिला कळलंही नाही. म्हणजे वीज कुठेही गेली नाही, जिथे होती तिथेच बसून राहिली. "भरलेली" बँक पोटभर वीज घेऊन शेजारी उभी, आणि होडीची बॅटरी अर्धपोटी.

मामांना समजवायला मी दोन टाक्यांचं उदाहरण सुरू केलं, तर त्यांनी मध्येच तोडलं. "म्हंजे भांगाला मिठागरात पाणी चढत नाय, तसं."

हो, अगदी तसं. त्यांच्या वडिलांनी मिठागरावर काम केलंय. उधाणाची भरती मिठागराच्या बांधापर्यंत चढते, तेव्हा उघडी, म्हणजे बांधातलं दार, उघडून पाणी आत घ्यायचं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत खाडी पाण्याने भरलेली दिसते, पण बांधाच्या उंचीला पाणी पोचतच नाही. पाणी किती आहे यावर काही नाही, किती चढलंय यावर आहे.

लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायची तर तिच्या टर्मिनलवर १४.४ व्होल्टच्या आसपास लागतात, सहा सेल, दर सेलला २.४. आणि निवांत बसलेली भरलेली बॅटरी देते साडेबारा. बॅटरीवर छापलेलं १२ हे तिचं घराण्याचं नाव. तेवढ्या आकड्यावर ती ना भरते, ना रिकामी होते.

अर्धवट भरून रोज वापरली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरी दिवसेंदिवस आखडत जाते. मामांच्या युक्तीने यंदा पाच होड्यांच्या बॅटऱ्यांचं हेच झालंय. हे त्यांना आज सांगितलं नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. सर्वपित्री अमावस्या, म्हणजे उधाण. दुपारी बाराच्या सुमाराला भरती, होड्या थेट जेट्टीला. आकाश मोकळं.

आज तीच वायर, तेच चिमटे, पण भर उन्हात. पॅनेल १७ अँपियर देत होती. बँक आधीच भरत आलेली, त्यामुळे कंट्रोलरने एक वाजेपर्यंत व्होल्टेज १३.९ वर नेलं, दोनला १४.३. होडीची बॅटरी ९ अँपियर गिळत होती आणि चारपर्यंत गिळत राहिली. घनता १.२२० च्या पुढे.

म्हणजे मामांची वायर चुकीची नव्हती, वेळ चुकीची होती. ऊन असताना बँकेचा आकडा बाराचा राहत नाही, सूर्य तो चौदाच्या वर उचलून धरतो. रात्री उचलणारं कुणी नसतं.

"मंग दुपारीच लावू," धाकटा म्हणाला. धाकटा म्हणजे मामांचा मुलगा, नात्याने माझा मेहुणा.

मामांनी बोटांवर हिशोब केला. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटीला जेट्टीसमोर निव्वळ चिखल, होडी येऊच शकत नाही. म्हणजे पंधरवड्यातले चार-पाच दिवस होडी दुपारी धक्क्याला, बाकीचे दिवस सकाळी नाहीतर संध्याकाळी. सूर्याचं वेळापत्रक पक्कं, चंद्राचं रोज पाऊण तासाने सरकणारं, आणि बॅटरी दोघांच्या मध्ये.

रात्रीचं चार्जिंग पाहिजेच.

६ ऑक्टोबर, रविवार

सगळ्यांना सुचतो तो मार्ग. मामांच्या माळ्यावर जुना ६०० व्हीएचा इन्व्हर्टर होता, कुणाकडून तरी १० अँपियरचा जाडजूड ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर आणला. बाराचे २३० करायचे, २३० चे पुन्हा चौदा करायचे.

चालतं. आकडे: बँकेतून १२.१ व्होल्ट, १७.५ अँपियर, म्हणजे २१२ वॉट. होडीच्या बॅटरीत १३.६ व्होल्ट, ८.४ अँपियर, म्हणजे ११४ वॉट. ५४ टक्के. बाकीचे शंभर वॉट शेडमध्ये उष्णता आणि गुणगुण. चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर असला की ट्रान्सफॉर्मर भुंग्यासारखा गातो. मांजरसुद्धा उठून बाहेर गेलं.

वीजमीटरवर हे चाललं असतं. इथे प्रत्येक वॉट छपरावरच्या दोन पॅनेलांतून वेचून आणलेला आहे. निम्मा वारा खायला घालवायचा नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

कंपनीतून लवकर सुटून लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. एक बूस्ट मॉड्यूल घेतलं, म्हणजे कमी व्होल्टेज चढवून देणारं. व्होल्टेजला एक स्क्रू, करंटला एक स्क्रू. छातीवर १२०० वॉट लिहिलेलं. अशा बोर्डांवरच्या आकड्याला मी तीनने भागतो. येताना परतीच्या पावसाने गाठलं, मॉड्यूल डब्यात आणि डबा शर्टाच्या आत.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. शेडमध्ये इंजिन, जाळी, पाना, आणि माझा क्लॅम्प मीटरही पाटावर. झेंडूची पाकळी मीटरच्या जबड्यात अडकली ती अजून तिथेच आहे.

पूजेनंतर उगीच उत्साह होता. मॉड्यूलवर १४.४ व्होल्ट लावले, ८ अँपियर लावले. ८० च्या बॅटरीला दहावा हिस्सा, सोयीचा. संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं, थांबलो नाही. दुपारचा एक, बँक उन्हात १३.९ वर. समोर एक अगदीच झोपलेली बॅटरी, ११.४. लावली.

३१ अँपियर.

करंटचा स्क्रू उलटा फिरवला. ३१. पूर्ण मिटवला. ३१. मग वास आला, जळक्या वार्निशचा. चिमटा ओढेपर्यंत बोर्डावरच्या डायोडजवळून धुराची बारीक रेघ. धाकट्याने "दसऱ्याची धूप" म्हटलं. हसलो नाही.

चूक माझी, आणि लिहून ठेवण्यासारखी. बूस्ट सर्किट फक्त वर चढवू शकतं. येणारं व्होल्टेज जाणाऱ्यापेक्षा कमी असेल तेव्हाच त्याच्या हातात लगाम असतो. समोरची बॅटरी येणाऱ्या व्होल्टेजच्या खाली असली, की वीज कॉइलमधून आणि डायोडमधून सरळ पार होते. मधला स्विच बंद असो की चालू, वाट उघडीच. करंटची मर्यादा ज्या स्विचने पाळायची तो त्या वाटेवरच नसतो. चढावर गाडी ओढणारा बैल उतारावर काय करणार, गाडी त्याच्याच अंगावर.

आणि एकाच व्होल्टेजच्या दोन बॅटऱ्यांत नेमकं हेच होतं. सुरुवातीला रिकामी खाली आणि भरलेली वर, म्हणजे उतार. थोड्या वेळाने बरोबरी. मग चढ. दोन्ही लागतात, आधी उतारावर ब्रेक आणि नंतर चढावर जोर. नुसतं चढवणारं चालत नाही, नुसतं उतरवणारंही नाही. २४ वरून १२ भरणं सोपं आणि १२ वरून २४ भरणंही सोपं, ते याच कारणाने. सगळ्यात अवघड बारावरून बारा. ऐकायला मात्र सगळ्यात सोपं वाटतं.

संध्याकाळी लावलं असतं तर बँक साडेबारावर असती, डायोडमध्येच थोडे व्होल्ट गेले असते, करंट फार वाढला नसता आणि मला वाटलं असतं की जमलं. मग एखाद्या दुपारी कुणीतरी माझ्या गैरहजेरीत लावलं असतं. त्यापेक्षा हे बरं.

फ्यूजही चुकला होता. मॉड्यूलच्या छातीवरचा आकडा बघून ३० चा टाकला. वायरीला आणि कामाला साजेल तो टाकायचा असतो, इथे १५.

१३ ऑक्टोबर, रविवार

घरी, चहा, कागद. दोन रस्ते.

पहिला: चढ-उतार दोन्ही सांभाळणारा तयार बारा-बारा चार्जर. परदेशात कॅरॅव्हॅन आणि बोटींवर असतात, इथेही मिळतात. उत्तम वस्तू, ऐंशीच्या वर कार्यक्षमता, टप्प्याटप्प्याने भरणारी. किंमत शेडमधल्या एका नव्या ट्युब्युलरपेक्षा जास्त. मामांना फोनवर सांगितली. पलीकडे बराच वेळ फक्त कावळे ऐकू येत होते.

दुसरा: भांडणाचं मूळच काढायचं. शेडच्या दोन बॅटऱ्या पॅरलल सोडून सिरीजमध्ये जोडायच्या. बँक २४ ची झाली, वीज तेवढीच. पॅनेलही दोन, तीही सिरीजमध्ये. कंट्रोलर १२-२४ दोन्ही ओळखणारा निघाला, मागच्या लेबलवर आहे. मग होडीची बॅटरी कितीही रिकामी असो वा भरलेली, २४ च्या खालीच. सगळा रस्ता उताराचा. स्वस्त बक मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज उतरवून देणारं, पुरे, त्याचा लगाम कायम त्याच्या हातात.

दुसरा. एकाच व्होल्टेजवरून भरायचा प्रश्न मी सोडवला नाही, तो प्रश्नच मोडीत काढला. चालेल.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सिरीज करण्याआधी दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करून मापल्या. एक १२.५८, दुसरी १२.४१. अशा जोडल्या तर चार्जिंगला पहिली उकळत राहते आणि दुसरी मागे पडते, आणि कंट्रोलरला फक्त बेरीज दिसते. दुसरीला एकटीला उद्याचं ऊन पाजायचं. डिस्टिल्ड वॉटर दोन्हींत घातलं.

टर्मिनलवर हिरवट थर. खाडीची हवा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतलं, कोरडं केलं, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन. आवळण्याआधी लावायचं नाही, नंतर. मोठ्या वायरीच्या लगमध्ये, म्हणजे टोकाच्या कडीत, तांबं काळं पडलं होतं, तेवढा तुकडा कापून नवे कलई केलेले लग दाबले.

२० ऑक्टोबर, रविवार

दुसरीला ऊन पाजून झाल्यावर आज जोडणी. क्रम महत्त्वाचा: कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. बॅटरी बघूनच तो १२ की २४ ठरवतो. २५.१ दाखवून २४ धरलं. मग पॅनेल सिरीजमध्ये.

शेडचे दिवे बाराचे. धाकट्याने सुचवलं, मधल्या जोडावरून घेऊ, एका बॅटरीचे बाराच आहेत ना. घ्यायचे नाहीत. रोज एकाच बॅटरीतून प्यायलं की ती दुसरीपेक्षा मागे पडते, आणि मेहनतीने केलेली बरोबरी महिन्यात वाया. दिव्यांसाठी २४ चे १२ करणारं वेगळं छोटं मॉड्यूल बसवलं. तरी मधल्या जोडावर मी लाल टेप गुंडाळून त्यावर "हात लावू नये" लिहिलं. मामांनी खाली चिंबोरी काढली. आता ते जास्त परिणामकारक आहे.

बक मॉड्यूलची जुळणी:

होडीच्या बाजूला एक शॉट्की डायोड, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा. बँकेकडचा फ्यूज उडाला किंवा कट-ऑफने (व्होल्टेज फार उतरलं की जोडणी तोडणारी रिले) बँक तोडली, तर होडीची बॅटरी उलटी मॉड्यूलमध्ये वाहू लागते. तो रस्ता डायोडने बंद. डायोड स्वतः ०.४ व्होल्ट खातो, म्हणून १४.४ हे मॉड्यूलच्या तोंडावर न मोजता बॅटरीच्या टर्मिनलवर मोजून लावले. पत्र्याखाली दुपारी पस्तीस अंश असतात, तापलेल्या बॅटरीला व्होल्टेज कमी लागतं, दर सेलला दर अंशामागे चारेक मिलिव्होल्ट. हिशोबाने १४.२ वर आणून ठेवलं. हिवाळ्यात पुन्हा बघू.

फ्यूज दोन्ही टोकांना. एकच लावायची सवय असते, कारण साध्या सर्किटमध्ये वीज एकाच बाजूने येते. इथे वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठेही वायर घासून शॉर्ट झाली तर दोघीही तिच्यावर तुटून पडणार.

चिमटे हद्दपार. अंधारात, ओल्या हाताने, लाल-काळं उलटं होणारच. एकाच बाजूने बसणारे प्लग बसवले, प्रत्येक होडीच्या बॅटरीला एक. यातच जास्त पैसे गेले, आणि याचाच मला जास्त अभिमान आहे.

दरवाजाच्या वर पत्र्यात वीतभर फट पाडली. बॅटरी भरत आली की हायड्रोजन सुटतो, तो हलका, वर साचतो. शेडमध्ये बिडी बंद. यावर मतदान झालं असतं तर मी हरलो असतो.

२१ ऑक्टोबर, सोमवार

पहिली रात्र. मी कामावर, आकडे धाकट्याने व्हॉट्सॲपवर पाठवले, प्रत्येक आकड्यासोबत एक फोटो, फोटोत मीटरपेक्षा त्याचं बोट जास्त.

रात्री नऊ. होडीची बॅटरी, घनता १.१३५. बँकेतून २४.६ व्होल्ट, ५.० अँपियर. बॅटरीत १३.८ व्होल्ट, ८.० अँपियर. ९० टक्के, डायोडसकट. इन्व्हर्टरच्या ५४ पुढे हे दिवाळीच.

रात्रभर ८.० हलले नाहीत. पहाटे दोनला १४.२ गाठले, तिथून करंट आपोआप उतरायला लागला: ६, ४, अडीच. सहाला १.२. घनता १.२३५.

मामांचा फोन सातला. "मोटर सकाळपतूर चालली." एवढंच. मग म्हावरं काय मिळालं ते सांगितलं, बोय आणि थोडी कोळंबी.

२६ ऑक्टोबर, शनिवार

कौतुक संपून हिशोब सुरू. पाचही होडीवाल्यांना रोज रात्री भरून पाहिजे.

एक बॅटरी भरायला बँकेतून साधारण ३३ अँपियर-तास जातात, २४ व्होल्टवर. बँक १५० ची. निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य खातो, म्हणजे वापरायचे ७५. दोन बॅटऱ्या. तिसरीला नाही.

आणि या ७५ ची भरपाई? छपरावरून आज दिवसभरात ४२ अँपियर-तास आले. कडकडीत ऊन होतं. त्यातले बँकेत घालून परत काढताना काही गळतात, हातात सदतीस येतात. म्हणजे खरं उत्पन्न रोज एक बॅटरी. दोन भरल्या की दुसऱ्या दिवशी उपास.

शेडमध्ये सगळे बसले असताना सांगितलं. एक जण म्हणाला, "मंग येवढं करून एकच?" आधी वाटेल तितक्या जोडत होतो की, त्याचा सूर होता. जोडत होता, पण भरत एकही नव्हती. त्या पाचांत मिळून जेवढं जात होतं तेवढ्यात आता एक पूर्ण भरते. हे पटायला वेळ लागला. वही पुढे केली, २९ सप्टेंबरचं पान.

पाळी लावायची ठरली. कट-ऑफ २४.० वर ठेवला, त्याखाली मॉड्यूल आपोआप तुटतं. भांडण माणसाशी करता येतं, रिलेशी नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. शेडवर आकाशकंदील आणि तीन माळा, कुणी लावल्या विचारू नका. रात्री अकराला कट-ऑफ पडला, ज्याची पाळी होती त्याचा फोन मला. फराळाचं ताट हातात घेऊन मी व्हिडिओ कॉलवर माळा काढायला लावल्या.

३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी एक निरीक्षण. होड्या बाहेर, पण एक बॅटरी किनाऱ्यावर राहिली होती. ती भर उन्हात लावली. पॅनेल ८.८ अँपियर देत होती, मॉड्यूल ४.७ घेत होतं. बँकेत जाऊन परत यायचा फेरा वाचला, ऊन सरळ होडीच्या बॅटरीत. उरलेलं बँकेला. उन्हातला पहिला प्रयोग आठवला, सर्वपित्री अमावस्येचा.

म्हणजे बँकेवरून बॅटरी भरणं हा नाइलाज आहे, सोय नव्हे. बॅटरी दिवसा किनाऱ्यावर असेल तर बँकेला मध्ये घ्यायचंच कशाला? अडचण एवढीच की बॅटरी होडीबरोबर जाते.

मग जास्तीची बॅटरी हवी. किनाऱ्यावर राहणारी.

९ नोव्हेंबर, शनिवार

वाटलं होतं पाचही जण आनंदाने बॅटऱ्या बदलून वापरतील. भरलेली उचला, रिकामी ठेवा. अजिबात नाही. "माझी यंदाची नवी हाय, त्याची चार वर्षांची. मी त्याची का नेऊ?" बरोबरच आहे. बॅटरी बाहेरून सगळी सारखीच दिसते, आत कुणी किती छळलीय ते दिसत नाही.

तोडगा मामींनी काढला. वर्गणीतून एक बॅटरी शेडची घ्यायची, कुणाचीच नाही. आज ज्याची पाळी, त्याने आपली शेडमध्ये ठेवायची आणि शेडची घेऊन जायची. दुसऱ्या दिवशी उन्हात त्याची भरते, संध्याकाळी त्याला त्याचीच परत. भिशीसारखं. भिशी मामीच चालवतात, त्यामुळे वहीही त्यांच्याकडे गेली. माझ्या वहीत घनता होती, त्यांच्या वहीत नावं आहेत. त्यांची जास्त चालते.

प्रत्येक बॅटरीवर होडीचाच रंग मारला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काल त्रिपुरी पौर्णिमा झाली. आठवडाभर चाललंय. दिवसा एक सरळ उन्हात, रात्री गरज असेल तर एक बँकेवरून. बँक सकाळी २४.५ च्या खाली गेलेली नाही. दोन बॅटऱ्यांतला फरक ०.०४ व्होल्ट.

एक बॅटरी मात्र त्रास देतेय. चार दिवस झाले, १४.२ ला पोचतच नाही. आठ अँपियर खातेय, गरम होतेय, भरत नाही. आज सहाही झाकणं उघडून हायड्रोमीटर घातला. पाच सेल १.२३० च्या आसपास. तिसरा १.१००. पुन्हा काढला, १.१००. काचेतला तरंगक वर यायलाच तयार नाही.

सेल गेलाय. अशी बॅटरी चार्जिंगला लावून झोपायचं नसतं. एक सेल पूर्ण बसला तर त्याच्या वाट्याचे व्होल्ट उरलेल्या पाचांवर पडतात आणि ते उकळतात. प्लग काढून बाजूला ठेवली.

निळा रंग. मामांची.

"म्हंजे तवापासून बँकेत खोट नव्हतीच?" मामांनी विचारलं.

बँकेत नव्हती, पण रात्रभर जोडायच्या युक्तीत होती, ती खरी होती, आणि त्या युक्तीमुळेच कदाचित हा सेल गेला. हे सगळं मी एका दमात सांगितलं. त्यांनी पाय लावून बॅटरी हलवून बघितली. जड आहे.

"शिसं जाळ्याला होईल."

होणार नाही. घरी फोडायची नाही, आम्ल आणि शिशाची भुकटी, शेडमध्ये पोरं खेळतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, आणि दुकानदार जुनीचे पैसे नवीत वळते करतो. सोमवारी धाकटा रिक्षात घालून नेईल. नवी येईपर्यंत मामांना रोज शेडची बॅटरी.

पाळीतले बाकीचे चौघे काय म्हणतात ते मामींनी बघायचं. मी पुढच्या रविवारी सहावा प्लग आणि १५ चे चार फ्यूज घेऊन येतोय.